निसर्गोपचार मंडळाच्या चालकांना खुले पत्र: औषधं बंद करायला सांगणं आधी थांबवा

माननीय अध्यक्ष, सचिव आणि मंडळाचे सर्व शिबिर-संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपली सूचना सर्व सभासदांना आली. यापुढे शिबिराचे फक्त सकारात्मक अनुभव सांगावेत, नव्या साधकांच्या मनात शंका येईल असं काही बोलू अथवा लिहू नये, तसे संदेश काढून टाकले जातील. त्याच दिवशी समूहावरचा माझा संदेश काढला गेला. त्यात मी एवढंच लिहिलं होतं की ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांनी कुणाच्याही सांगण्यावरून ते बंद करू नये. यात नकारात्मक काय आहे, असं मी सचिवांना फोन करून विचारलं. "ताई, आता विषय वाढवू नका," एवढंच ते म्हणाले.

विषय वाढवायला हवा असं माझं मत आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घेत नाही. अशी मंडळं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत आणि आपल्याकडे जे घडलं ते तिथेही घडत असणार.

मी निसर्गोपचाराच्या विरोधातली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आईची पोटाची जुनी तक्रार आणि माझं वाढलेलं वजन, दोन्ही इथल्याच आहारामुळे आटोक्यात आलं. मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, सूर्यास्ताआधी जेवण हे आमच्या घरात रुजलं ते मंडळामुळे. शिबिरांच्या स्वयंपाकघरात मी भाज्या चिरल्या आहेत, भाकऱ्या थापल्या आहेत. म्हणूनच जे सांगायचं ते बाहेरून कुणी येऊन सांगण्याआधी आतल्या माणसाने सांगावं, असं मला वाटतं.

माझ्या भाचीचं प्रकरण आपल्याला माहीत आहे, पण सभासदांना ते अर्धवटच कळलं आहे. तिच्या परवानगीने इथे लिहिते.

तिला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे. तिच्या स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. जेवण असो की उपास, त्याला सुट्टी नाही. आपल्या शिबिरांना येणाऱ्या बहुतेक मधुमेहींना टाइप २ असतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण ते पुरत नाही किंवा त्याचं काम नीट होत नाही. तिथे वजन आणि आहार यांनी खरोखर फरक पडतो. पण हे दोन आजार वेगळे आहेत आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला तर जीव जाऊ शकतो. १९२२ साली कॅनडात टोरांटोला पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांसाठी डॉक्टरांकडे असलेला सगळ्यात चांगला उपाय उपासमारीचाच होता. अगदी मोजकं खायला देऊन मुलांना काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं जगवायचे. मग ती जायची. म्हणजे उपवासाने हा आजार बरा होतो का, याचं उत्तर जगाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेलं आहे.

भाची शिबिराला का आली तेही सांगते, कारण त्याचा विचार आपण कधीच करत नाही. सुया टोचून ती कंटाळली होती. लग्नाची बोलणी दोनदा "इंजेक्शनवर आहे म्हणे" या वाक्यावर येऊन थांबली. दवाखान्यात डॉक्टर आकडे बघायचे, डोस बदलून द्यायचे आणि पुढचा नंबर बोलवायचे. आपल्याकडे तिला पहिल्यांदा कुणी तरी समोर बसवून तिचं सगळं ऐकून घेतलं. हे मंडळाचं मोठं बळ आहे आणि ते मी नाकारत नाही. पण ऐकून घेणाऱ्या माणसाचं रुग्ण सगळंच ऐकतो. तिथूनच जबाबदारी सुरू होते.

तिने शंका-समाधानाच्या वेळी सरळ विचारलं, "इन्सुलिन चालू ठेवून हे शिबिर करता येईल का?" आपल्या एका ज्येष्ठ साधकांनी उत्तर दिलं, "बाहेरून घेतेस म्हणून आतलं तयार होत नाही. आधी अर्धं कर, तिसऱ्या दिवशी सोड." सभागृहात एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी हात वर केला. "ते आपण नंतर बोलू," असं म्हणून पुढचा प्रश्न घेतला गेला. ते नंतर कधी आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. मधुमेहाबद्दल थोडंही शिकलेल्या माणसाला या चार खुणा एकत्र दिसल्या की तो जागचा उठतो. तिला मध-लिंबूपाणी दिलं, एनिमा दिला आणि सांगितलं की विष बाहेर पडतंय, घाबरू नकोस, हे चांगलं लक्षण आहे. रात्री खोलीतल्या बाईंनी न विचारता १०८ ला फोन केला म्हणून माझी भाची आज आहे. रुग्णवाहिकेतल्या ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली की ते असं दाखवतं. दवाखान्यात निदान झालं किटोॲसिडोसिस. इन्सुलिन नसल्यामुळे रक्तात आम्ल साठत जाऊन होणारी ही अवस्था काही तासांत माणसाला बेशुद्ध करते. अतिदक्षता विभागातून ती सुखरूप परत आली. त्यानंतर मंडळाकडून आलेला निरोप असा होता की तिने संयम ठेवला असता तर ती या टप्प्यातून बाहेर पडली असती.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे आणि ती एका साधकाबद्दल नाही. आपण एक अशी विचारपद्धत तयार केली आहे की तिच्यात उपचार चुकूच शकत नाही. रुग्णाला बरं वाटलं तर उपचाराचा गुण. त्रास वाढला तर विष बाहेर पडतंय. त्याहून वाढला तर हीलिंग क्रायसिस, म्हणजे बरं होण्याआधीचा त्रास. शिबिर सोडून दवाखान्यात गेला तर श्रद्धा कमी पडली. मग धोका झाला आहे हे ओळखायचं कधी? उपवासात पहिले दोन दिवस डोकं दुखतं, थोडी मळमळ होते हे खरं आहे, मीही ते अनुभवलं आहे. पण साधी मळमळ आणि जीवघेणी मळमळ यांतला फरक सांगणारी एकही ओळ आपल्या माहितीपत्रकात नाही. तो फरक ओळखणारा एकही माणूस रात्री शिबिरात नसतो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यात २०१६ साली अशाच एका निवासी शिबिरात ७१ वर्षांच्या मधुमेही बाईंनी इन्सुलिन बंद केलं. शिबिर घेणारे होंगची शियाओ हे अंगावर थापट्या मारून शरीरातलं विष काढण्याची पद्धत शिकवायचे. इन्सुलिन सोडल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली. बाईंना उलट्या झाल्या, त्या कण्हत होत्या, तरी भोवतालच्यांना तो बरं होण्याचाच टप्पा वाटला. त्या वारल्या. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने शियाओ यांना सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षांची शिक्षा दिली. तिथल्या आणि आपल्या शिबिरातल्या वाक्यांमधलं साम्य वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती.

दुसरी तक्रार औषधं बंद करण्याबद्दलच आहे, पण टाइप २ च्या रुग्णांची. आहाराने साखर आटोक्यात येते ही थाप नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार काही महिने दिला, तेव्हा वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता. हा अभ्यास आपले वक्ते मोठ्या अभिमानाने सांगतात. पण पुढचं सांगत नाहीत. ते रुग्ण गेल्या सहा वर्षांत मधुमेह झालेले होते, इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीखाली. आपल्याकडे येणारे कुणी ग्लिमेपिराइड घेत असतात. ती गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो. कुणी डापाग्लिफ्लोझिन घेतात. त्या गटातल्या गोळ्यांवर लांबलेला उपवास केला तर साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. म्हणजे एकाच सभागृहातल्या चार मधुमेहींना चार वेगळे सल्ले लागतात, आणि आपण माइकवरून एकच देतो. रक्तदाब, थायरॉइड, फिट्स, टीबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मनाच्या आजारांची औषधं, या सगळ्यांना हेच लागू आहे. टीबीची औषधं मध्येच सोडली तर जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग तो आजार घरातल्या पोरांनाही त्याच रूपात लागतो.

तिसरी तक्रार स्वयंपाकघरातली आहे, जिथे मी स्वतः उभी असते. सकाळी दुधीचा रस दिला जातो. दुधी कधी कधी कडू निघतो, त्या कडवटपणात विषारी द्रव्य असतं आणि त्याने उलट्या, रक्ताची हगवण, रक्तदाब घसरणं, मृत्यू इथपर्यंत मजल गेलेली आहे. २०१८ मध्ये पुण्यात एक बाई असा रस पिऊन दगावल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने साधा उपाय सांगितला आहे. रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. आपल्याकडे काय होतं? पाच-सहा दुधी एकदम मिक्सरमध्ये जातात, वर आलं-पुदिना-लिंबू पडतं आणि कडू लागलं तरी "कडू तेच औषध" म्हणून प्यायला लावतात. शिबिरात एकदा मी फोड चाखत होते तर "एवढा वेळ नाही, ताई" म्हणून हातातली सुरी काढून घेतली गेली.

तसंच शहाळ्याचं पाणी आणि फळांचे रस. निरोगी माणसाला उत्तम. पण ज्याची किडनी कमजोर आहे त्याच्या रक्तात त्यातलं पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडून ते थांबूही शकतात. नोंदणीच्या कागदावर किडनीबद्दल साधा प्रश्न नाही. गुळवेलीचंही तेच. करोनाकाळात घरोघरी तिचा काढा प्यायला गेला आणि मुंबईतल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते असं म्हटलं. असेल तसं. मग कुंपणावरची वेल तोडून महिनोन् महिने काढा पिणाऱ्या आपल्या सभासदाला ती कोणती वेल आहे हे कोण ओळखून देणार?

कर्करोगाबद्दल जे बोललं जातं त्यावर मी फार लिहीत नाही, कारण लिहिताना राग आवरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडुलिंब, हळद आणि लिंबूपाण्याच्या आहाराने कर्करोग बरा झाल्याचा एक दावा देशभर गाजला. तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढलं की याला पुरावा नाही, यासाठी उपचार लांबवू नका. ज्या रुग्णाबद्दल तो दावा होता त्यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती, हेही त्यांनी सांगितलं. तो दावा आपल्या बैठकीत वाचून दाखवला गेला. निवेदन वाचलं गेलं नाही.

आपलं म्हणणं मला माहीत आहे. मंडळ फक्त व्यासपीठ आहे, कुणी काय बोलावं, कुणी काय ऐकावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हे व्यासपीठ आपण चालवता. राजकारणावर कुणी बोललं तर आपण तिथल्या तिथे थांबवता. जाहिरात टाकली की दहा मिनिटांत निघते. माझा संदेश तर अर्ध्या तासात गेला. म्हणजे लक्ष ठेवायला माणसं आहेत, वेळ आहे आणि काढून टाकण्याचा अधिकारही वापरला जातो. तो कशासाठी वापरायचा एवढंच बदलायचं आहे.

दुसरं म्हणणं असतं की दवाखान्यांतही लोक लुटले जातात, औषधांचेही दुष्परिणाम होतात. होतात. नको त्या तपासण्या आणि नको ती बिलं आमच्या घरानेही भोगली आहेत. पण डॉक्टर चुकला तर त्याच्याविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे जाता येतं, ग्राहक आयोगात जाता येतं, केसपेपर हातात असतो. भाचीला सल्ला देणाऱ्या साधकांचं शिक्षण काय, याची मंडळाकडे नोंदसुद्धा नाही. निसर्गोपचाराचं रीतसर शिक्षण आहे. बीएनवायएस ही इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी आहे. ते शिकलेला माणूस आधी तपासतो, आधीचे कागद मागतो आणि आपल्या हातात नाही ते पुढे पाठवतो.

आणि गांधीजींचं नाव आपण प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनाला घेता, म्हणून तेही लिहिते. १९४६ मध्ये उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचार सुरू केला तो गावातल्या गरिबाला परवडावा म्हणून. त्याच गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून ससूनला आणलं, ॲपेंडिक्स होतं, आणि कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. निसर्गोपचारावर त्यांचा विश्वास आपल्या सगळ्यांपेक्षा कमी नव्हता. तरी वेळ आली तेव्हा ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपले आणि त्यानंतरही आयुष्यभर निसर्गोपचारच सांगत राहिले. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. डॉक्टरांनी दिलेलं कुठलंही औषध बंद करा किंवा कमी करा असं शिबिरात, बैठकीत वा समूहावर कुणी सांगितलं तर ते तिथेच थांबवावं. समूहावरचा संदेश काढावा, का काढला ते खाली लिहावं आणि ज्याला तो सल्ला दिला गेला त्याला फोन करून सांगावं. नुसता संदेश पुसून भागणार नाही. वाचणाऱ्याने तो आधीच वाचलेला असतो.

२. धोक्याच्या खुणांचा मराठीत एक कागद करून शिबिराच्या प्रत्येक खोलीत लावावा आणि समूहावर कायम वर ठेवावा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, न थांबणाऱ्या उलट्या, गुंगी, लघवी बंद होणं, काळी शौचास होणं. यातलं काहीही झालं तर उपचार थांबवायचा आणि १०८. तिथे चर्चा नको, ज्येष्ठांना विचारणं नको.

३. शिबिराच्या अर्जात आजार, चालू औषधं, किडनी, गरोदरपण हे विचारावं. मधुमेह, हृदय, किडनीच्या रुग्णांनी उपवास करायचा तर त्यांच्या डॉक्टरांची लेखी संमती आणि डोस कसा बदलायचा ते लिहून आणावं. टाइप १ मधुमेहींना उपवासाच्या शिबिरात घेऊच नये.

४. निवासी शिबिरात रात्रंदिवस एक नोंदणीकृत डॉक्टर किंवा परिचारिका, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचं यंत्र आणि तयार वाहन हवं. परवडत नसेल तर शिबिर लहान करावं.

५. सल्ला देणाऱ्याने आपलं शिक्षण सांगावं. चूर्ण, रस, किट विकत असेल तर तेही सांगावं. मधुमेह, कर्करोग, फिट्स बरे करण्याच्या जाहिराती करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, आणि आपल्या सभागृहाबाहेरच्या टेबलावर तशीच पत्रकं असतात. ती आजच उचलावीत.

६. ज्यांना गुण आला नाही, ज्यांना त्रास झाला, त्यांचेही अनुभव मंडळाच्या दप्तरात तारखेसह नोंदवावेत आणि सभासदांना वाचायला मिळावेत. गेल्या आठवड्याची सूचना मागे घ्यावी.

७. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखावी. हे काम मी करीन, फक्त सुरी काढून घेऊ नका.

ज्या साधकांनी भाचीला सल्ला दिला त्यांना काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यांनी तो मनापासून दिला होता आणि ते पैसेही घेत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांना शंका-समाधानाच्या खुर्चीवर पुन्हा बसवण्याआधी या खुणा त्यांनी शिकून घ्याव्यात आणि त्या निवृत्त परिचारिका बाईंना त्यांच्या शेजारी बसवावं.

पुढचं निवासी शिबिर दिवाळीनंतर जाहीर झालं आहे आणि नोंदणी सुरू आहे. त्याआधी होणाऱ्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावं, अशी लेखी विनंती मी सचिवांकडे वेगळी दिली आहे. तोवर अर्जातले बदल आणि डॉक्टरांची सोय झाली नाही तर हे शिबिर पुढे ढकलावं. सभेत मी हजर राहीन, भाचीही येणार आहे. तिला काय विचारायचं ते तिलाच विचारा.

आपली,
मंडळाची एक जुनी आजीव सभासद